विस्मरणाची नोंद कुणाच्या दफ्तरी?

विशेष प्रतिनिधी

वृद्धांच्या स्मरणशक्तीविषयी, मनःस्वास्थ्याविषयी आणि त्यांच्या देखभालीविषयी देशात मोलाचे संशोधन झाले आहे. त्याचे निष्कर्ष नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्यासारख्या गावाच्या बाजूने वाचले, तर कुठे काय अडले आहे ते स्पष्ट दिसू लागते.

रनाळे (जि. नंदुरबार) : 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द मराठी घरांत इतके रुळले आहेत की, वयस्क माणसाच्या विसरण्याचे आणखी काही कारण शोधण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. जेवण झाल्याचे आजी तासाभरात विसरली, शेताकडचा नेहमीचा रस्ता आजोबांना आठवेना, हिशेबाचा पक्का माणूस नोटा ओळखताना चुकू लागला, तर 'आता वय झाले' एवढ्यावर विषय मिटतो. भारतीय वृद्धांवर झालेले संशोधन मात्र हा विषय असा मिटू देत नाही. राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, ६० वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया आहे. याचा अर्थ असा की, साठी ओलांडलेल्या शंभर जणांपैकी ब्याण्णवांहून अधिक जणांना हा विकार नसतो आणि उरलेल्या सात-आठ जणांचे विसरणे हे वयाचे नव्हे, आजाराचे लक्षण असते.

याच अभ्यासातील आणखी दोन आकडे अधिक महत्त्वाचे आहेत. शहरी भागात हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे. पुरुषांमध्ये ते ५.८ टक्के, तर स्त्रियांमध्ये ९ टक्के आहे. स्मृतिभ्रंश हा शहरातील सुखवस्तू, दीर्घायुषी लोकांचा आजार असल्याची समजूत या आकड्यांनी खोटी ठरवली. त्याचा अधिक भार खेड्यांवर आणि तेथील स्त्रियांवर आहे. तपासणीची साधने, तज्ज्ञ डॉक्टर आणि स्मरणचिकित्सालये मात्र मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटली आहेत. नंदुरबार-दोंडाईचा रस्त्यावरील रनाळे हे गाव या विषम वाटणीत कोणत्या बाजूला येते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मोजपट्टीच अपुरी होती

भारतातील खरे प्रमाण समोर यायला इतकी वर्षे का लागली, हे समजून घेण्यासाठी मोजमापाच्या साधनाकडे पाहावे लागते. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा आणि हिशेब यांची चाचपणी करणारी तीस गुणांची एक छोटी परीक्षा १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि जगभर वापरली जाऊ लागली. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करत चला, एक शब्द उलट्या क्रमाने उच्चारा, कागदावर एक वाक्य लिहा, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत असतात. शाळेत गेलेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही. ज्याने आयुष्यात लेखणी हातात धरली नाही, त्याची बुद्धी तल्लख असली तरी तो या परीक्षेत नापास ठरतो.

हरियाणातील बल्लभगढ येथे भारतीय व अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकात ही त्रुटी दूर करण्याचा प्रयत्न केला. निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी त्यांनी हिंदीत बेतलेली परीक्षा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन वजा करायचे होते, शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगायचे होते आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही बोलायचे होते. 'डोळे मिटा' ही लेखी सूचना वाचण्याऐवजी समोरचा माणूस करील तसे करून दाखवायचे होते. बदल वरवर किरकोळ वाटतात. पण त्यांमुळे परीक्षेचा रोख शाळेच्या शिक्षणावरून बुद्धीकडे वळला.

त्या काळातील अभ्यासांनी दिलेले आकडे मात्र लहानच राहिले. बल्लभगढमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.३६ टक्के आढळले. मुंबईतील २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते याच वयोगटात २.४४ टक्के होते. भारतीय वृद्धांना हा आजार कमी होतो, असा निष्कर्ष त्यावरून निघू लागला. २००८ मध्ये 'टेन सिक्स्टी-सिक्स' या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाने त्याला धक्का दिला. जगातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना त्या देशांच्या वाट्याला १० टक्केही संशोधन येत नाही, या विषमतेवरून गटाने हे नाव घेतले होते. तमिळनाडूतील वेल्लोरजवळच्या खेड्यांत प्रचलित अमेरिकी निकष लावले असता प्रमाण अवघे ०.३ टक्के आले. शिक्षण आणि संस्कृतीतील फरक विचारात घेऊन तयार केलेले निकष लावले असता, लॅटिन अमेरिका, चीन व भारतातील सर्व केंद्रांत ते ५.६ ते ११.७ टक्के यांदरम्यान आढळले.

या तफावतीचे कारण विचार करण्याजोगे आहे. प्रचलित निकषांनुसार, स्मरणशक्ती घटल्यामुळे रोजच्या व्यवहारात अडथळा येतो, असे घरच्यांनी सांगावे लागते. अविकसित भागांतील नातेवाईक तसे सांगण्याची शक्यता कमी असल्याचे संशोधकांना दिसले. एकत्र कुटुंबात वृद्धाकडून पैशांचा व्यवहार काढून घेतलेला असतो, स्वयंपाक सून करते, बाजार मुलगा करतो. ज्या माणसावर कोणतेच काम सोपवलेले नाही, त्याचे काम बिघडले हे कळणार कसे? कुटुंबाचा आधार वृद्धाला सांभाळतो, हे खरेच. परंतु तोच आधार आजाराची सुरुवात झाकूनही ठेवतो.

पुढे देशव्यापी पाहणी झाली. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये 'लासी' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी केली. ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती तीत घेण्यात आली. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील साठीपुढच्या ४,०९६ जणांची अधिक बारकाईने तपासणी झाली. त्यांच्या चाचण्यांसोबत घरच्या माणसाचीही मुलाखत घेण्यात आली आणि ती सर्व माहिती पाहून डॉक्टरांनी निर्णय दिला. सुरुवातीला दिलेला ७.४ टक्क्यांचा अंदाज या तपासणीवर आधारलेला आहे.

आखाजीपासून किती दिवस झाले?

मोजपट्टी सुधारली, तरी ती रनाळ्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येत नाही. 'लासी'ची रचना राज्यपातळीवरील चित्र देण्यासाठी आहे. जिल्ह्याचा वेगळा आकडा तीतून निघत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख ४८ हजार होती. तीत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. राज्याच्या सरासरीतून या जिल्ह्याचे चित्र उमटणे अवघड आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. तालुक्याच्या या पट्ट्यात घरोघरी अहिराणी बोलली जाते. सातपुड्याकडे भिली आणि पावरी, तर नवापूरकडे मावची. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह 'खानदेशी' या गटातील भाषा मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. या भाषा बोलणारी वृद्ध स्त्री प्रमाण मराठीतील प्रश्नापुढे अडखळली, तर ती भाषेमुळे अडखळली की विस्मरणामुळे, हे ठरवणे कठीण आहे. आज पंच्याहत्तरीत असलेली स्त्री १९५० च्या सुमारास जन्मलेली आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातील स्त्री-साक्षरता ९ टक्क्यांच्याही खाली होती. तिच्या पिढीतील बहुसंख्य मुलींनी शाळा पाहिली नाही. जन्मतारखेची नोंद अनेकींकडे नाही. आधार कार्डावरील वय अनेकदा अंदाजाने घातलेले असते. 'तुमचे वय किती' आणि 'आज तारीख कोणती' हे दोन प्रश्न तिच्या स्मरणशक्तीविषयी फारसे काही सांगू शकत नाहीत. आखाजी होऊन किती दिवस झाले, यंदा कानबाई कुणाच्या घरी बसली, मिरचीची तोडणी सुरू झाली की संपली, हे प्रश्न सांगू शकतात. बल्लभगढच्या संशोधकांनी हिंदीसाठी जे केले, ते अहिराणी आणि भिलीसाठी करण्याची गरज आहे. हे काम भाषेच्या अस्मितेपेक्षा अचूक निदानासाठी निकडीचे आहे.

महाराष्ट्रातील खेड्यांत असा अभ्यास होऊ शकतो, हे पुणे जिल्ह्यातील वढू येथे सिद्ध झाले आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने त्या परिसरातील गावांत पन्नाशीपुढील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाशी जोडून २००७ च्या सुमारास गोळा केली. आपली प्रकृती कशी आहे, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात स्त्री-पुरुष, शिकलेले-न शिकलेले आणि श्रीमंत-गरीब यांच्यातील अंतर तीत स्पष्ट दिसले. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात बंगळूरची मेंदू-संशोधन संस्था ग्रामीण प्रौढांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास करीत आहे. उत्तर महाराष्ट्रातील एखादा तालुका अशा कामासाठी निवडण्यास तत्त्वतः कोणतीच अडचण नाही.

नंदुरबारचे आणखी एक वास्तव असे की, जिल्ह्याच्या आदिवासी भागातून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी आणि इतर कामांसाठी गुजरातकडे जातात. घरी वृद्ध आणि नातवंडे राहतात. ज्यांची देखभाल व्हायला हवी, त्यांच्यावरच देखभालीची जबाबदारी येते. मुले परदेशी गेल्याने एकटे पडलेले पुण्यातील आई-वडील हा मराठी वाचकाच्या परिचयाचा विषय आहे. हंगामी स्थलांतरामुळे एकटे पडणाऱ्या वृद्धांची चर्चा त्या मानाने अगदीच कमी होते.

गोव्यात काय सिद्ध झाले?

निदान झाल्यावर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळते. तेथील 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांकडे स्थानिक, बेताचे शिक्षण झालेला आणि अल्पकाळाचे प्रशिक्षण घेतलेला गृहसल्लागार सहा महिने नियमितपणे जात असे. हा विकार नेमका काय आहे, रुग्ण रात्री उठून भटकू लागला किंवा चिडू लागला तर काय करावे, त्याला आंघोळ कशी घालावी, सरकारी मदत कोठे मिळते, हे तो समजावून सांगे. आवश्यक तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य मिळे. ज्या घरांत सल्लागार गेला, तेथे देखभाल करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा मनस्ताप कमी झाला. या प्रयोगाने रुग्णाइतकेच त्याची शुश्रूषा करणाऱ्याकडे लक्ष दिले. आपल्याकडे ही शुश्रूषा बहुधा सून, पत्नी किंवा मुलगी करते आणि तिच्या थकव्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही.

गोव्यातील दुसरा प्रयोग उदासीनतेविषयी होता. 'लासी'मध्ये साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये गंभीर नैराश्याची लक्षणे आढळली. तसे निदान झाल्याचे स्वतः सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र ०.८ टक्के होते. म्हणजे दहा जणांपैकी जेमतेम एकालाच आपल्याला काय झाले आहे, हे कोणी तरी सांगितले होते. नैराश्याचा आणि स्मरणशक्तीचा जवळचा संबंध आहे. खचलेला वृद्ध विसराळू वाटतो आणि त्याच्यावर विस्मरणाचा शिक्का बसतो, जो योग्य उपचाराने पुसता येण्यासारखा असतो. गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ वृद्धांवर अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यांना अडचणी सोडवण्याची पद्धत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारून दिल्या, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यावी ते सांगितले आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत केली. वर्षभरात या गटातील ४.४ टक्के जणांना गंभीर नैराश्याने गाठले; नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १४.४ टक्के होते. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. एक माणूस नियमितपणे घरी येत राहिला, त्याचा हा परिणाम.

अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबसारख्या नव्या औषधांची चर्चा शहरांत होत असते. ही औषधे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच उपयोगी पडतात आणि त्यांच्यासाठी मेंदूची विशेष तपासणी व वारंवार एमआरआय आवश्यक असते. ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने आज गोव्याचा मार्ग अधिक जवळचा आहे.

उत्तर 'होय' आले, पुढे काय?

महाराष्ट्रात घरोघरी जाणारा असा माणूस नाही का? आहे. आशा कार्यकर्ती तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीसाठी असंसर्गजन्य आजारांचा जो तपासणी-अर्ज भरते, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? शारीरिक व्यंगामुळे हालचालींवर मर्यादा येते का? जेवण, कपडे घालणे, उठणे यांसाठी इतरांची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? याच अर्जात मागील दोन आठवड्यांतील उदासपणाविषयीही दोन प्रश्न आहेत. म्हणजे ज्या प्रश्नासाठी संशोधकांनी वर्षे खर्च केली, तो शासनाच्या छापील कागदावर आधीच आला आहे.

अडचण पुढची आहे. रक्तदाब किंवा साखर वाढलेली आढळली, तर औषधाची गोळी आहे आणि पुन्हा मोजण्याची तारीखही आहे. विसरण्याच्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर आले, तर त्या अर्जाचा प्रवास कोठे व्हावा, हे तितके ठसठशीत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी तपासणी, अशी त्याची रचना आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा आणि मानसिक आरोग्य यांचा समावेश आहे. आराखड्यात सर्व काही आहे. परंतु आशा कार्यकर्तीवर आधीच माता-बालसंगोपन, लसीकरण, क्षयरोग, हिवताप अशा कामांचा डोंगर आहे आणि तिचे उत्पन्न मुख्यतः कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून आहे. ज्या कामाला मोबदला नाही आणि ज्याचा आढावा कोणी घेत नाही, ते काम मागे पडणारच. तिला दोष देऊन प्रश्न सुटणार नाही.

केरळने या बाबतीत वेगळी वाट धरली. २००८ मध्ये वेदनाशमन व शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण स्वीकारणारे ते देशातील पहिले राज्य ठरले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकेचे काम तेथे पंचायतींशी जोडले गेले. कोणाच्या घरी कोण जाणार, हे ठरलेले असले की कागदावरील सेवा प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते.

म्हातारपण एक, वयाच्या अटी अनेक

देखभालीचा दुसरा पाय पैशाचा आहे. येथे शासनाने योजना केल्या नाहीत, असे म्हणता येणार नाही. मात्र म्हातारपण केव्हा सुरू होते, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्यात ज्येष्ठ नागरिक ६० वर्षांचा आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनासाठी ६५ वर्षे हवीत. चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये जाहीर झाली, तीही ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी ७० वर्षांची अट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा मोफत प्रवास मिळाला तो ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना. ज्यांच्या कागदावरील वयच अंदाजाचे आहे, त्यांच्यासाठी या पायऱ्या म्हणजे प्रत्येक वेळी नवी खटपट असते.

रकमेचेही तसेच. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतील केंद्राचा दरमहा २०० रुपयांचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ तसाच राहिला. ८० वर्षांपुढे तो ५०० रुपये आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या निवृत्तिवेतन योजनांतील लाभ १,००० वरून १,५०० रुपये केला, ही जमेची बाजू. पण लाभ सुरू ठेवण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्याला स्वतःचे नाव आठवत नाही, त्याने आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायचे आहे. अशा माणसाच्या वतीने कोण उभे राहणार, याचा विचार योजनेत असणे आवश्यक आहे.

'लासी'नुसार वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची माहिती असलेल्या वृद्धांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के, तर २००७ च्या कायद्याची माहिती असलेल्यांचे अवघे १२ टक्के होते. हा कायदा दरमहा १० हजार रुपयांपर्यंत चरितार्थ देण्याचा आदेश उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडून मिळवून देऊ शकतो. वृद्धाला स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते आणि न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकते. मात्र ज्या घरात मुलगाच हंगामी मजूर आहे, तेथे कायद्याचा बडगा फारसा कामाचा नाही. तेथे गरज आहे ती मुलालाही आधार देणाऱ्या व्यवस्थेची. वय वंदना कार्डाचे पाच लाख रुपयांचे संरक्षण मोलाचे आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची बहुतेक सारी वर्षे घरातच जातात.

टाळता येण्याजोगा भाग

या चित्रात आशेला जागा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी संबंधित चौदा धोके नोंदवले. ते सर्व दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्याचा अंदाज आहे. कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, नैराश्य, एकाकीपणा आणि प्रदूषित हवा यांचा त्या यादीत समावेश आहे. या दृष्टीने पाहिले तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र, रक्तदाबाची रोजची गोळी आणि चुलीऐवजी गॅस हे सारे मेंदूच्या रक्षणाचेच उपाय ठरतात. वयोश्री योजनेच्या पैशातून खरोखरच चष्मा आणि श्रवणयंत्र घेतले जाते का, याची पाहणी झाली तर ती केवळ हिशेबतपासणी राहणार नाही.

काही विस्मरण तर पूर्णपणे बरे होण्यासारखे असते. थायरॉइडची कमतरता, काही औषधांचा परिणाम, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव ही त्याची कारणे होत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत ब-१२ कमी आढळले होते. हा अभ्यास वृद्धांचा नव्हता. परंतु शाकाहाराचे प्रमाण मोठे असलेल्या महाराष्ट्रात विसराळू वृद्धाची ही साधी रक्ततपासणी आधी व्हावी, एवढे त्यावरून म्हणता येते. 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलेल्या माणसाला काही वेळा स्वस्त इंजेक्शनाची गरज असू शकते.

शिक्षणाचा मुद्दाही संपलेला नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गुलाबी नऊवारीतील विद्यार्थिनींची छायाचित्रे जगभर गेली. साठीनंतर अक्षरे गिरवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा करणे घाईचे ठरेल. बालपणीच्या शिक्षणाइतका पुरावा त्याला नाही. पण रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडणे, समवयस्कांत बसणे आणि डोके चालवणे, या गोष्टी एकाकीपणावर नक्कीच उपाय आहेत. शहरांतील ज्येष्ठ नागरिक संघ हेच काम करतात. खेड्यातील वृद्ध स्त्रीला मात्र असे हक्काचे ठिकाण सहसा नसते.

जिल्ह्याच्या हाती काय आहे?

नंदुरबारला यासाठी फार लांब पाहावे लागणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय अभ्यासक्रमातील नव्या तरतुदीनुसार एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा आहे. त्या कुटुंबांतील साठीपुढील प्रत्येकाची स्मरणशक्ती, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती तपासली, तर काही वर्षांत जिल्ह्याचा पहिला विश्वासार्ह आकडा हाती येईल. अहिराणी, भिली आणि पावरी भाषांतील चाचण्या तयार करण्यासाठी महाविद्यालयाचा जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ एकत्र येऊ शकतात. आशा कार्यकर्तीच्या अर्जावर 'होय' उमटले की, किती दिवसांत कोणी तपासायचे आणि पुढे कोणाकडे पाठवायचे, याचा एका पानाचा आदेश जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला काढता येईल. त्या भेटीसाठी मोबदला ठरवला, तर गोव्यातील गृहसल्लागाराची भूमिका तीच कार्यकर्ती निभावू शकेल; निवृत्तिवेतनाचा अर्जही त्याच भेटीत भरता येईल.

दरम्यान, ज्यांच्या घरी हा प्रश्न आज उभा आहे, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे. विसरण्याचे प्रमाण काही महिन्यांत वाढत असेल, ओळखीची माणसे किंवा वाटा परक्या वाटू लागल्या असतील, तर वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांचा सल्ला घेणे हेच योग्य.

केंद्राच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार देशातील साठीपुढील लोकसंख्या २०११ मधील १० कोटींवरून २०३६ पर्यंत २२ कोटी ७० लाखांवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे १५ टक्क्यांवर जाईल. त्या वर्षी साठी गाठणारी माणसे आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांचा रक्तदाब, साखर, दृष्टी आणि श्रवण याच काळात सांभाळले गेले, तर त्यांच्यापैकी अनेकांची स्मृती शाबूत राहील. आशा कार्यकर्तीचा तो अर्ज आजही त्यांच्या दारी जातो. त्यावर लिहून आलेल्या उत्तराला वाली कोण, हे ठरवण्यासाठी २०३६ पर्यंत थांबण्याचे कारण नाही.